सीमेबाहेरचा तालुका : भिवंडी

मुंबईत कोणी मोबाइलवरून एखादी वस्तू मागवली, तर दारात येण्याआधीची रात्र ती वस्तू पुष्कळदा भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या गोदामात काढते. मुंबईच्या नळाला सकाळी येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा याच तालुक्यात उचलला जातो आणि इथेच शुद्ध होतो. अंगावरच्या शर्टाचे किंवा शर्टाच्या आतल्या अस्तराचे कापड इथल्या मागावर विणलेले असण्याची शक्यताही मोठी. महानगराचा इतका मोठा भार वाहणारा हा तालुका बहुतेकांना माहीत असतो तो फक्त एका शहराच्या नावाने. त्या शहराच्या भोवती खाडी आहे, भातशेती आहे, डोंगर आहेत, गरम पाण्याची कुंडे आहेत, शिलाहारांचे लेख आहेत आणि सुमारे एक हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे.

हा इतिहास एका सूत्राने बांधता येतो. भिवंडीची जमीन कायम कुठल्या ना कुठल्या सीमेच्या अगदी लगत, पण पलीकडे राहिली. बंदराच्या, पोर्तुगीज हद्दीच्या, रेल्वेच्या, गिरण्यांच्या, जकात नाक्यांच्या. सीमेला खेटून असण्याचा लाभही या तालुक्याने घेतला आणि त्याची किंमतही मोजली.

खाडी, खार आणि माळ

ठाणे जिल्ह्याचे १ ऑगस्ट २०१४ रोजी विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत आणि भिवंडी त्यांतला एक. उत्तरेला वाडा, पश्चिमेला वसई, पूर्वेला शहापूर, दक्षिणेला कल्याण आणि ठाणे अशा त्याच्या हद्दी. वसईच्या बाजूला तुंगारेश्वरची रांग आडवी उभी आहे. दक्षिणेला उल्हास नदी खाडी होऊन वाहते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. भरतीचे पाणी या खाडीतून कल्याणपर्यंत आत येते, म्हणून समुद्रकिनारा नसतानाही हा तालुका शतकानुशतके बंदराचा तालुका होता.

तालुक्यातून तीन दिशांनी पाणी वाहते. उत्तरेकडची तानसा पश्चिमेला जाऊन वैतरणेला मिळते. पूर्व-आग्नेय कडेने भातसा वाहते. मधली कामवारी भिवंडी शहराला वळसा घालून खाडीत उतरते. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत. खाली सगळा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कातळ पाणी फार धरून ठेवत नाही. त्यामुळे आषाढात शेताशेतांतून वाहणारे पाणी चैत्रापर्यंत विहिरीच्या तळाला जाते.

खाडीपासून डोंगराकडे जमीन तीन पट्ट्यांत चढत जाते आणि माणसांची वस्तीही त्याच पट्ट्यांनी बदलते. खाडीकाठी खारजमीन. मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि दोन-तीन पावसांत मीठ धुऊन निघाले की तिथे भात घ्यायचे. हे काम आगरी आणि कोळी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. काल्हेर, कशेळी, अंजूर, खारबाव, पायेगाव ही या पट्ट्यातली गावे. त्यावरच्या सपाटीवर गोड्या भातशेताचा पट्टा, कुणबी आणि आगरी वस्तीचा. त्याहून वर अंबाडी, दुगाड, वज्रेश्वरीच्या बाजूला डोंगरउतारावरची वरकस जमीन. तिथे राब भाजून नाचणी, वरी करायची आणि जंगलात मोह, साग. हा भाग वारली, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी पाड्यांचा. एकाच तालुक्यात मासळी, मीठ, भात, नाचणी आणि मोहाची फुले मिळतात ती या उतारामुळे.

तानसेच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी इथे जमिनीतून गरम पाणी वर येते. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत अशा कुंडांची एक माळच आहे. लाव्ह्याचे थर किनाऱ्यालगत वाकले आणि तडकले, त्या भेगांमधून पावसाचे पाणी खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. आजूबाजूला जिवंत ज्वालामुखी कुठेही नाही. ही केवळ पृथ्वीच्या पोटातली उष्णता आहे. या कुंडांच्या आधाराने गणेशपुरीत भगवान नित्यानंद राहिले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी समाधी घेतली आणि गणेशपुरी देशविदेशांतल्या साधकांचे ठिकाण झाले.

सोपारा आणि कल्याण यांच्या मधली वाट

प्राचीन काळी उत्तर कोकणात दोन मोठी बंदरे होती, सोपारा आणि कल्याण. सोपाऱ्यात सम्राट अशोकाचे शिलालेख मिळाले आहेत. कल्याणचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात येतो. या दोन बंदरांच्या मधली जमीन म्हणजे आजचा भिवंडी तालुका. देशावरून नाणेघाटाने आणि थळघाटाने उतरणारा माल कल्याणच्या खाडीकडे येई. ज्या वाटेने व्यापारी जातात त्या वाटेवर विहार उभे राहतात, ही पश्चिम भारतातली जुनी रीत. लोनाडजवळची खांडेश्वरीची बौद्ध लेणी त्याच रीतीतली. कार्ले किंवा कान्हेरीसारखी ती भव्य नाहीत, पण तिथल्या शिल्पपटापुढे उभे राहिले की हा मुलूख किती जुन्या रहदारीचा आहे ते कळते.

पुढे उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य आले आणि तालुक्याचा कागदोपत्री इतिहास सुरू झाला. कागद अर्थात तांब्याचा आणि दगडाचा. शके ९१९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९९७ मध्ये, शिलाहार राजा अपराजित याने भादाणे हे गाव लोनाडच्या सूर्यदेवाच्या, लोणादित्याच्या, पूजेसाठी दान दिले. तो ताम्रपट भादाण्याचा ताम्रपट म्हणून इतिहासकारांना परिचित आहे. दान देणारा राजा हजार वर्षांपूर्वी गेला, त्याची राजधानी लयाला गेली, पण भादाणे आणि लोनाड ही दोन्ही गावे आजही भिवंडी तालुक्यात नांदत आहेत. लोनाडशेजारच्या चौधरपाड्यात शके ११६१ चा, केशिदेव या शिलाहार राजाचा शिलालेख मिळाला. एवढ्याशा टापूत दोन-अडीचशे वर्षांच्या अंतराने राजांनी दाने दिली, त्याअर्थी लोनाड हे त्या काळी महत्त्वाचे धर्मस्थान आणि त्याच्या भोवतीची शेती चांगली पिकणारी होती. लोनाडचे जुने शिवमंदिर पडझडीतही त्या वैभवाची साक्ष देते.

खाडीत बांधलेले आरमार

सतराव्या शतकात या मुलखाच्या पश्चिमेला पोर्तुगीजांचे वसई होते. साष्टी बेट आणि ठाणे त्यांच्याच ताब्यात. खाडीच्या अलीकडचे कल्याण आणि भिवंडी मात्र त्यांच्या हद्दीबाहेर, आधी निजामशाहीत आणि मग विजापूरच्या आदिलशाहीत. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. जुन्या मराठी कागदांत ‘कल्याण भिमडी’ अशी जोडीने येणारी ही ठाणी स्वराज्यात आली आणि स्वराज्याला पहिल्यांदा समुद्राकडे जाणारे पाणी मिळाले.

महाराजांनी लगेच जहाजबांधणी सुरू केली. त्यासाठी भिवंडीची खाडी सोयीची होती. वरच्या जंगलात सागाचे लाकूड, खाडीत सुरक्षित पाणी, आणि कोळी व मुस्लिम दर्यावर्दी समाजांची समुद्राची पिढीजात माहिती. पण ही जहाजे समुद्रात जायची तर वसईच्या किल्ल्यावरून जावे लागणार होते. पोर्तुगीजांना याची चिंता वाटणे स्वाभाविक होते. भिवंडी, कल्याण आणि पनवेल या बंदरांत शिवाजी लढाऊ जहाजे बांधतो आहे, ही बातमी १६५९ मध्येच गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी लिस्बनला आपल्या राजाला कळवली. जहाजे बांधण्यासाठी नेमलेला रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या शेकडो माणसांसह हे काम सोडून वसईकडे निघून गेला. काम मात्र थांबले नाही, स्थानिक कारागिरांनी ते पुढे नेले. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही मराठा आरमाराची नावे सगळ्यांच्या ओठांवर असतात. त्या आरमाराची सुरुवात कल्याण-भिवंडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात झाली, हे तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे.

महाराजांनंतर मोगल सरदार मातबरखानाने १६८९ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या शेवटी ती मराठ्यांकडे परत आली आणि सीमेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. खाडीपलीकडे पोर्तुगीज, अलीकडे पेशवाई.

ही सीमा पुसायला निघाला तो याच तालुक्यातल्या एका गावचा माणूस. अंजूरच्या नाईक घराण्याला पोर्तुगीज राजवटीचा जाच सोसावा लागला होता. गंगाजी नाईक अंजूरकर यांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घातले, साष्टीतल्या लोकांशी संधान बांधले, वाटा आणि पाणथळ जागा दाखवल्या. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, त्यामागे या तयारीचा मोठा हात होता. दोन वर्षांच्या मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या मार्गावर असताना त्यांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता अशी परंपरा आहे. विजयानंतर वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्या देखरेखीखाली देवीचे मंदिर बांधले गेले. उंच दगडी पायऱ्या आणि तटबंदी यांमुळे ते मंदिर दुरून किल्ल्यासारखेच दिसते.

वसई पडल्यावर काही दशके भिवंडीला सीमा उरली नाही. ती परत आली इंग्रजांबरोबर. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि त्याच सुमारास गुमतारा किल्ल्याच्या पायथ्याशी दुगाडजवळ मराठे आणि कर्नल हार्टली यांच्यात लढाई झाली. धुक्याचा फायदा घेऊन मराठ्यांनी हल्ला केला, पण सेनापती रामचंद्र गणेश स्वतः रणात पडले आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. दुगाड आज शांत खेडे आहे. गुमताऱ्यावर चढणारे बहुतेक तरुण त्या लढाईचे नावही न ऐकता चढून उतरतात. १८१७ च्या पुणे तहानंतर उत्तर कोकण कायमचे कंपनी सरकारकडे गेले.

आगगाडी पलीकडून गेली

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. लोहमार्ग खाडीच्या दक्षिणेने गेला. कल्याण जंक्शन झाले, भिवंडी मागे राहिली. खाडीतली होडी आणि बैलगाडी यांच्यावर चालणाऱ्या बाजारपेठेला हा मोठा धक्का होता. तालुक्यातून जाणारा दिवा-वसई लोहमार्ग आणि त्यावरचे भिवंडी रोड स्थानक यायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

रेल्वे नसली तरी एक रस्ता होता, मुंबई-आग्रा रस्ता. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडे विणकरांचे हाल झाले. आझमगढ, मऊ, बनारस या भागांतले मोमीन, म्हणजे अन्सारी, विणकर आपल्या कुटुंबांसह याच रस्त्याने दक्षिणेला निघाले. काही मालेगावात थांबले, काही धुळ्यात, काही थेट भिवंडीत आले. इथे आधीपासून कोकणी मुसलमान व्यापारी आणि दर्यावर्दी होते, भाताचा व्यापार होता, पुढे भाताच्या गिरण्याही आल्या. आता हातमागाचा खटखटाटही सुरू झाला.

१९३० च्या दशकात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. गिरण्यांनी भंगारात काढलेले जुने साचे, म्हणजे माग, स्वस्तात मिळत. घराच्या ओसरीत दोन-चार साचे बसवून माणूस कारखानदार होई. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागाला वाचवण्यासाठी १९५६ मध्ये गिरण्यांना नवे माग बसवायला बंदी घातली. लहान यंत्रमागांवरचा करही हलका होता. गिरणीसाठी काढलेला नियम गिरणीच्या हद्दीबाहेर असलेल्या भिवंडीला फळला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. संप औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्यांचे विणकाम लालबाग-परळातून निघून मोठ्या प्रमाणात भिवंडीत आले.

इथले उत्पादन अनेक हातांतून फिरते. सूत व्यापारी विकत घेतो. सायझिंगवाला ताण्याच्या सुताला कांजी देऊन बीम भरतो. साच्याचा मालक मजुरीवर विणतो आणि ‘पिका’मागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, पैशांत त्याचा हिशेब होतो. कोरे कापड व्यापाऱ्याकडे परत जाते, मग रंगाईला, छपाईला. बाजार पडला की नुकसान व्यापाऱ्यावर थोडे आणि मालकावर जास्त पडते. सर्वांत खाली असतो बारा तासांच्या पाळीत अनेक साचे एकट्याने सांभाळणारा कामगार. तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आला. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगर, कामतघर भागांत स्थिरावले. कामगारांच्या जेवणाची सोय करणाऱ्या भिस्सी गल्लोगल्ली निघाल्या. साच्याचा श्वास म्हणजे वीज. म्हणून २००७ मध्ये वीजवितरणाचे काम खाजगी फ्रँचायझीला देण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग भिवंडीत झाला.

जखम आणि मलम

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडीत दंगल पेटली. न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने तिची सविस्तर चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली आणि ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. दोन्ही वेळा माणसे मेली, माग जळाले आणि गरिबांचे संसार उघड्यावर आले. भिवंडीचे नाव देशभर याच एका गोष्टीशी जोडले गेले.

त्यानंतर इथे जे घडले ते तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत हिंदू-मुसलमान, व्यापारी-कामगार अशी साधी माणसे एकत्र बसली. नळाचे भांडण, भाडेकरूचा तंटा, पोरांची मारामारी असे रोजचे प्रश्न पोलिसांबरोबर सोडवू लागली. त्यातून पोलीस शिपाई वस्तीला ओळखू लागला आणि वस्ती एकमेकांना. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलींची आठवण सांगणाऱ्याने हा भागही सांगितलाच पाहिजे, कारण शांतता नियोजनाने निर्माण करता येते याचा तो पुरावा आहे.

जकातीपलीकडची गोदामे

मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. ज्या व्यापाऱ्याचा माल अर्धा मुंबईत आणि अर्धा बाकी महाराष्ट्रात जायचा, त्याला सगळा माल शहरात नेऊन जकात भरणे परवडत नसे. त्याला नाक्याच्या बाहेर, पण शक्य तितकी जवळ जागा हवी होती. ठाणे महापालिकेच्या पलीकडे, भिवंडी नगरपालिकेच्याही हद्दीबाहेर, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या ग्रामपंचायतींच्या गावांत ती मिळाली. भातशेतांवर मुरूम पडला, पत्र्याची गोदामे उभी राहिली. आगरी शेतकऱ्याच्या घरातली पुढची पिढी गोदाममालक, वाहतूकदार, माथाडी टोळीचा मुकादम झाली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. जकातीमुळे आलेली गोदामे जकातीबरोबर जातील असे तर्काने वाटले असते. झाले उलटे. प्रत्येक राज्यात करासाठी छोटे कोठार ठेवण्याची गरज संपली आणि कंपन्या मोठ्या प्रदेशासाठी एकच मोठे गोदाम बांधू लागल्या. ऑनलाइन खरेदीने त्याला वेग दिला. नाशिक महामार्ग, न्हावा-शेवा बंदराकडचा रस्ता आणि दोन कोटींचे महानगर एवढ्या जवळ दुसरीकडे कुठे मिळणार होते? गोदामांचा पट्टा पडघ्याकडे सरकत गेला. ५ जून २०२५ रोजी नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. त्याचे मुंबईकडचे टोक आमणे या भिवंडी तालुक्यातल्या गावात आहे. घाटावरचा माल पुन्हा याच तालुक्यात उतरतो, पूर्वी नाणेघाटाने उतरायचा तसा.

हिशेब

या सगळ्याची किंमत जमिनीला आणि पाण्याला मोजावी लागली. खाडीकाठची पाणथळ जमीन भरावाखाली गेली की भरतीचे आणि पावसाचे पाणी वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ च्या पुराने ते दाखवून दिले. कामवारी नदीत शहराचे सांडपाणी आणि सायझिंग-रंगाईचे पाणी मिसळते. भातसा धरणातून सोडलेले पाणी तालुक्यातल्या पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईला पाठवतात. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे नळही याच तालुक्यातून मुंबईला जातात. भिवंडी शहर मात्र आपले पाणी ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा कंपनी आणि मुंबई महापालिका या बाहेरच्या यंत्रणांकडून घेते. नळमार्गांच्या शेजारच्या पाड्यांत उन्हाळ्याची टंचाई ओळखीची आहे.

कारभाराची रचना हा प्रश्न आणखी अवघड करते. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या पुढे होती, त्यातले सात लाख एकट्या शहरात. शहराला २००१ पासून महापालिका आहे. खेड्यांना ग्रामपंचायती आणि पंचायत समिती. गोदामांच्या गावांसाठी २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) हे नियोजन प्राधिकरण. नदी एकच, खाडी एकच, वाहतूककोंडी एकच, पण त्यांच्याकडे एकत्र पाहणारी निवडून आलेली संस्था तालुका पातळीवर नाही. याउलट जर्मनीत मोठी शहरे सोडून बाकीच्या मुलखाचे ‘लँडक्राइस’ असतात. प्रत्येक लँडक्राइसला स्वतःची निवडलेली सभा आणि प्रमुख असतो. रस्ते, कचरा, शाळा, रुग्णालये यांचे मोठे अधिकार त्याच्याकडे असतात, आणि स्वतःच्या लँडक्राइसचा इतिहास-भूगोल लिहून ठेवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. आपल्याकडे जिल्हा फार मोठा पडतो आणि ग्रामपंचायत फार लहान. मधला तालुका १९६२ पासून पंचायत समितीच्या रूपाने उभा आहे, पण त्याच्या हाती पैसा थोडा आणि नियोजनाचा अधिकार त्याहून थोडा.

भिवंडी तालुक्याने आजवर इतरांनी आखलेल्या सीमांना उत्तरे दिली. पोर्तुगीज सीमेला आरमाराने, गिरणीच्या नियमाला यंत्रमागाने, जकातीला गोदामाने. आता त्या सीमा पुसल्या जात आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम चालू आहे आणि महानगर इथे येऊन पोहोचले आहे. यापुढे तालुक्याला स्वतःची रेषा स्वतः आखावी लागेल. खारजमीन किती राखायची, कामवारी कशी साफ करायची, पिसे इथल्या पाण्यातला वाटा पाड्यांना कसा द्यायचा, लोनाडची लेणी आणि अंजूरचा वारसा कोणी सांभाळायचा, हे ठरवणारी रेषा. ती आखायला आधी आपला तालुका नीट माहीत असावा लागतो. अंबाडीच्या मुलाला कशेळीची खाडी आणि पद्मानगरच्या मुलीला भादाण्याचा ताम्रपट ठाऊक असेल, तेव्हाच या अकरा लाख लोकांना तालुका एकत्र आपला वाटेल आणि त्याच्या वाट्याचे पाणी, जमीन आणि सत्ता ते एकत्र मागू शकतील.